नोकरी सोडावी, पण केव्हा?

मैत्रिणींनो, घरातली मुलगी शिकून कुठे बँकेत किंवा विमा कचेरीत चिकटली, की आपण हुश्श करतो. आणि दोन-चार वर्षांत तीच जर म्हणाली, "आई, मी नोकरी सोडते, मला नाचच करायचाय," तर? तव्यावरची पोळी तव्यावरच करपायची! वडील म्हणतात, "खुळी आहेस का?" आजी म्हणते, "आधी लग्नाचं बघा." अशा वेळी एकदम 'हो' किंवा एकदम 'नाही' म्हणण्याआधी जेन टॉर्व्हिलची हकिकत माहीत असलेली बरी.

जेन इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरातली. जन्म १९५७ चा. आईवडिलांचं वर्तमानपत्रं विकण्याचं दुकान होतं. आठ वर्षांची असताना शाळेबरोबर बर्फाच्या रिंकवर गेली, पायांत स्केट्स चढवले आणि तिथलीच झाली. चौदाव्या वर्षी एका मुलाच्या जोडीने ती आपल्या देशाची विजेती ठरली. पुढे ती जोडी फुटली. शाळा संपल्यावर जेन एका विमा कंपनीत कारकून म्हणून लागली.

त्याच परिसरात ख्रिस्तोफर डीन नावाचा मुलगा होता. वडील वीजतंत्री, हा पोलिसात. त्यालाही स्केटिंगचं वेड. १९७५ मध्ये जॅनेट सॉब्रिज या शिक्षिकेने दोघांना एकत्र आणलं, आणि विमा कचेरीतली कारकून व पोलिस शिपाई अशी जोडी जमली!

त्यांचा प्रकार आइस डान्स, म्हणजे बर्फावरचं जोडीनृत्य. जोडीच्या दुसऱ्या स्केटिंगमध्ये पुरुष स्त्रीला डोक्यावर उचलतो, हवेत गिरक्या घेत उंच उड्या असतात. आइस डान्समध्ये ते चालत नाही. दोघांनी एकमेकांच्या जवळ राहून, तालात, पायांच्या कामावर सगळं निभवायचं. वरवर सोपं दिसतं, पण चूक झाकायला जागाच नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. ही मुलगी पहिल्याच दिवशी नोकरी सोडून बसली का? मुळीच नाही. पाच वर्षं दोघांनी नोकरी सांभाळून नाच केला. डीनच्या पोलिसातल्या पाळ्या, जेनची कचेरी आणि रिंक रिकामं मिळण्याची वेळ, या तिन्हींचा मेळ घालायचा म्हणजे कधी रात्री उशिरा, तर कधी भल्या पहाटे सराव. १९७८ मध्ये ते ब्रिटनचे विजेते झाले. त्याच वर्षी बेटी कॅलवे या अनुभवी बाई त्यांच्या गुरू झाल्या. १९८० साली लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकमध्ये त्यांचा पाचवा क्रमांक आला, आणि पाठोपाठ जागतिक स्पर्धेत चौथा.

पाचवा आणि चौथा, बरं का! पदक नाहीच. पण उरलेलं अंतर उसन्या वेळात कापता येणार नाही, हे मात्र दोघांना कळलं. त्या वर्षी त्यांनी नोकऱ्या सोडल्या. त्या काळी हौशी खेळाडूला स्केटिंगवर पैसे कमावता येत नसत. म्हणजे पगार गेला की हात रिकामे. तेव्हा पुढे आली ती गावची नगरपालिका. १९८४ च्या ऑलिंपिकपर्यंत निभावं म्हणून नॉटिंगहॅमच्या नगरपालिकेने त्यांना ४२,००० पौंड मंजूर केले. गावच्या करातून दोन नर्तकांचा खर्च! आपल्याकडे किती नगरपालिकांना हे सुचेल, ते तुम्हीच सांगा.

१९८१ ते १९८४, लागोपाठ चार वर्षं ते जगज्जेते झाले. आणि १४ फेब्रुवारी १९८४ रोजी, युगोस्लाव्हियातल्या सारायेव्हो शहरी, ऑलिंपिकमध्ये त्यांनी राव्हेल या फ्रेंच संगीतकाराच्या 'बोलेरो'वर नृत्य केलं. त्यातली एक गंमत ऐका. नाच चार मिनिटं दहा सेकंदांपेक्षा लांबता कामा नये, असा नियम. संगीत मात्र कितीही छाटलं तरी चार मिनिटं अठ्ठावीस सेकंदांच्या खाली येईना. मग नियम नीट वाचला. घड्याळ सुरू व्हायचं ते स्केटचं पातं बर्फाला टेकल्यावर! म्हणून सुरुवातीला दोघं गुडघ्यांवर बसूनच डोलत राहिली. नियमही मोडला नाही, सूरही तुटला नाही. पुरवठ्याचं रेशन महिनाअखेरपर्यंत पुरवणाऱ्या आपल्या आयाबायांना ही युक्ती नक्की पटेल.

तेव्हा गुण सहापैकी मिळत. नऊ परीक्षकांचे तंत्राचे नऊ नि कलेचे नऊ, असे अठरा आकडे. त्यांतले बारा आकडे पूर्ण सहाचे होते, आणि कलेसाठी तर नऊच्या नऊ!

"मग त्यांचं लग्न झालं असेल?" हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. इंग्लंडातही लोकांना त्याचीच चौकशी फार. नाही झालं. दोघांनी आपापले संसार वेगळे थाटले आणि काम मात्र एकत्र केलं. स्त्री-पुरुषांचं नातं कामावरच्या निष्ठेचंही असू शकतं, आणि ते पन्नास वर्षं टिकू शकतं. १९८४ नंतर ती व्यावसायिक झाली. नियम बदलल्यावर १९९४ मध्ये जेन छत्तिसाव्या वर्षी पुन्हा ऑलिंपिकला उतरली आणि कांस्यपदक घेऊन आली. २०२५ मध्ये त्यांनी निरोपाचा दौरा केला.

कुणी म्हणेल, "हे जिंकले म्हणून गोष्ट सांगता. पाचव्यावरच राहिले असते तर?" प्रश्न रास्त आहे. सगळ्यांना सोनं मिळत नाही. पण तेव्हाही जेन काही वाऱ्यावर पडली नसती. कचेरीचं काम येणारी, बावीस-तेवीस वर्षांची मुलगी पुन्हा नोकरी शोधू शकली असती. परतीची वाट ठेवून उडी घेणं याला खुळेपणा म्हणत नाहीत.

तेव्हा तुमच्या मुलीने नोकरी सोडायची भाषा केली, तर डोळ्यांत पाणी आणण्याऐवजी तिला शांतपणे विचारा: नोकरी सांभाळून किती वर्षं सराव केलास? घराबाहेरच्या जाणत्या माणसाने तुझं काम पाहिलंय का? किती वर्षं देणार, आणि तोवर पैसा कुठून येणार? उत्तरं गुळमुळीत आली, तर तिला आणखी वर्षभर दोन्ही सांभाळायला सांगा. आणि उत्तरं चोख आली, तर मग नगरपालिकेची वाट पाहू नका. घरातलं पहिलं अनुदान आईनेच मंजूर करायचं असतं.