गायरान कोणाचे?



शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सर्वांना ठाऊक आहे. भीमा, भामा आणि इंद्रायणी यांच्या संगमावरचे तुळापूर येथून जवळच. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने महाराजांना ठार केले, ती तिथी फाल्गुन अमावास्येची. त्या दिवशी आजही येथे माणसांची रीघ लागते. शेजारी हवेली तालुक्यात वढू खुर्द आहे. बुद्रुक म्हणजे थोरले, खुर्द म्हणजे धाकटे. हे शब्द फारसीतून आपल्या गावांच्या नावांत आले.

हा इतिहास आपण मुलांना सांगतो. गावच्या माळाचाही इतिहास आहे, तो मात्र कोणी सांगत नाही. नदीकाठची काळी जमीन पिकाला गेली आणि वरचा मुरमाड माळ गुरांना राहिला, अशी या भागातील गावांची जुनी ठेवण. १८३६ च्या सुमारास इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी नव्या पद्धतीची जमीन मोजणी सुरू केली. पुढे १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात गावाच्या गुरांना फुकट चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आली. आजच्या १९६६ च्या महसूल संहितेतील कलम २२ हे तिचेच पुढचे रूप होय. सातबारावर मालकी सरकारची, पण चराईचा उपयोग साऱ्या गावाचा, ही गायरानाची व्यवस्था.

इंग्लंडातही गावोगावी असे सामाईक माळ होते. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत तेथील संसदेने कायदे करून त्यांतील बहुतेकांना कुंपणे घालू दिली. जमीन मोठ्या जमीनदारांकडे गेली आणि एक गाय, चार मेंढ्या राखणारा गरीब मजुरीला लागला. उरलेल्या माळांची नोंद १९६५ च्या कायद्याने झाली. कोणाचा हक्क किती जनावरांचा, हेही त्या नोंदवहीत लिहिले गेले.

आपल्याकडे कुंपणाचा कायदा झाला नाही, पण बांध सरकत गेले. पुणे-नगर रस्त्याच्या बाजूला कारखाने आले, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि मोकळा माळ डोळ्यांत भरू लागला. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील एका खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्याला अनुसरून महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी निर्णय काढला. तरीही निव्वळ कागदाने माळ राखला जात नाही.

माळाला दुसरा धोका आपल्याच गुरांचा. बेसुमार चराई झाली की मारवेल, पवन्या ही गोड गवते आधी संपतात आणि कुसळी माजते. तिची कुसळे मेंढीच्या लोकरीत आणि जनावराच्या तोंडात रुततात. त्याही पुढे चराई चालू राहिली की मुरूम उघडा पडतो, पावसाचे पाणी मुरत नाही आणि ओढ्यात माती वाहून जाते.

यावर चराईबंदी हा उपाय सांगितला की एखादी म्हातारी विचारते, “साहेब, तुमचं गवत वाढंल, पण माझ्या तीन शेळ्यांनी तवर काय खावं?” प्रश्न रास्त आहे. ज्याला शेत आहे त्याच्या बांधावर गवत असते. भूमिहीनाला गायरानाशिवाय दुसरा बांध नाही. म्हणून बंदी करायची तर विळ्याचा पहिला हक्क त्याला द्यावा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने मोकळी चराई बंद करून गवत कापून नेण्याची पद्धत बसवली आणि तेथील माळ पुन्हा हिरवा झाला.

आपल्या गावाने एवढे करावे :

१. तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, गायरानाचा सातबारा आणि गाव नमुना १-ई (अतिक्रमणांची नोंदवही) मागून ग्रामसभेत वाचावा. हद्दी बुजल्या असतील तर मोजणी मागावी.

२. माळाचे तीन भाग पाडावेत. एक भाग पावसाळाभर बंद ठेवावा आणि दरसाल भाग बदलावा.

३. बंद भागात उताराला आडवे चर काढावेत. पहिल्या पावसावर मारवेलचे ठोंब लावावेत आणि स्टायलोचे बी टाकावे. स्टायलो द्विदल आहे, जमिनीला नत्र देते.

४. गवत फुलोऱ्यात असतानाच कापावे. कुसळी तर कुसळे धरण्याआधीच कापावी. वाळलेल्या गवतात कस राहत नाही.

५. कोणाची किती जनावरे, याची यादी चावडीवर लावावी. दरसाल येणाऱ्या मेंढपाळांनाही वाट आणि दिवस ठरवून द्यावेत. त्यांच्या मेंढ्या आपल्या रानात बसतात तेव्हा लेंडीखत आपल्यालाच मिळते.

गायरान सर्वांचे आहे, म्हणून ते कोणाचेच नाही असे समजू नये. येत्या ग्रामसभेत पहिला विषय गायरानाचा घ्या, आणि त्या सभेला शेळ्या राखणाऱ्या बायाबापड्यांना आवर्जून बोलवा.