एकोणीस एक



‘आमच्या पोराला गणित जमत नाही,’ हे वाक्य म्हसळ्यात आम्ही घरोघरी ऐकतो. पोर सहावीत असते आणि निकाल आईबापांनी आधीच लावलेला असतो. म्हणून आज फक्त १ हा अंक लिहून तयार होणाऱ्या संख्यांविषयी.

घरात सुपाऱ्या असतील तर सहा घ्या. तीन-तीनच्या दोन ओळी होतात. सात घ्या, एका लांब ओळीखेरीज सारख्या ओळी लागतच नाहीत. अशा संख्येला शाळेत मूळ संख्या म्हणतात.

आता ११ पाहा. ती मूळ आहे. १११ मात्र ३ गुणिले ३७. ११११ म्हणजे ११ गुणिले १०१. सहा एक लिहिले तर त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या पडतात, म्हणून ११ ने भाग जातो. थोडक्यात, एकांचे सारखे गट पडले की संख्या फुटते. मग एक मोजून तीन, पाच, सात असतील तर संख्या मूळ असेलच ना? नाही! १११११ म्हणजे ४१ गुणिले २७१. नियम उलटा लावता येत नाही, तपासावेच लागते.

११ नंतरची अशी पुढची मूळ संख्या थेट एकोणीस एकांची आहे:

१११११११११११११११११११

जुन्या मोजणीतल्या परार्धाच्याही पुढे, अकरा परार्धांहून मोठी. एकेक भाजक घेऊन तपासायची तर सुमारे १०५ कोटींपर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. त्यानंतर तेवीस एकांची, मग एकदम ३१७ एकांची. १०३१ एकांची संख्या मूळ असल्याचे १९८६ साली सिद्ध झाले.

त्याच वर्षी द. रा. कापरेकर गेले. डहाणूत १९०५ साली जन्मलेले हे गृहस्थ १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. पदवीपुढचे शिक्षण नाही, प्रयोगशाळा नाही. एकांच्या संख्यांचा वर्ग केला की १२१, १२३२१ असा चढता-उतरता जिना तयार होतो. अशा संख्यांचा त्यांनी अभ्यास केला आणि त्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिले. त्यांचा ६१७४ हा अंक तर आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखला जातो.

या छंदाचा पोटापाण्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण गुणाकारावरून त्या दोन शोधणे महाकठीण. याच अडचणीवर १९७७ साली निघालेली गुप्त संदेशांची पद्धत संगणकाच्या जगात रुजली.

आज रात्री जेवणे झाली की मुलामुलींना २३९ गुणिले ४६४९ हा गुणाकार करायला बसवा. आपल्याला येत नसेल तरी शेजारी बसा आणि उत्तरातले एक मोजा. सात भरले की पोराला गणित येते.