‘शहाणा’ म्हणजे काय?

माणिकगडच्या डोंगरावर, जिवती तालुक्यातल्या एका शाळेत, गेल्या दिवाळीत आमचा दिवाळी अंक वाचून दाखवला. गोष्टीत मुलगा पाण्याने भरलेली गुंडी उलथवतो आणि आई म्हणते, ‘‘वा, मोठा शहाणा आहेस!’’ आई काय म्हणाली, असं विचारल्यावर एक कोलाम पोरगा उठून म्हणाला, ‘‘शाबासकी देली.’’

पोरगा बरोबर होता. घरी कोलामी, शेजारच्या गुड्यावर गोंडी, तांड्यावर गोरमाटी, बाजारात तेलुगू. मराठी त्याला भेटते ती शाळेत. ‘शहाणा’चा अर्थ त्याने पाठ केलेला, त्यातला तिरकसपणा पाठ कसा करणार? आणि चित्रात आम्ही काय छापलं होतं? हसरी आई, हसरा मुलगा, मागे डोंगर नि सूर्य. पान रिकामं दिसू नये म्हणून.

यंदा तीच गोष्ट, तोच मजकूर. चित्र मात्र नवं. आईचे हात कमरेवर, एक भुवई वर. मुलगा पायाच्या अंगठ्याने माती उकरतोय आणि ओल दारापर्यंत गेलीय. उन्हाळ्यात त्या डोंगरावर गुंडीभर पाण्याची किंमत काय, हे तिथल्या पोरांना सांगावं लागत नाही.

जिवती म्हटलं की पुण्या-मुंबईकडे श्रावणात पुजायचा जिवतीचा चित्रांचा कागद आठवतो. (गावाच्या नावाशी त्याचं नातं आम्ही जोडत नाही.) खांब फोडून आलेला नरसिंह, कालियाच्या फण्यावरचा कृष्ण, लेकरांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका. कुणाला भ्यायचं नि कुणाच्या कुशीत शिरायचं, हे अक्षरओळख नसलेल्या पोरालाही त्यात दिसतं.

चित्र असं बोलतं, हे आम्ही संपादक विसरतो. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. त्यांची मुखपृष्ठं अजून डोळ्यांसमोर आहेत. त्यातून आम्ही शिकलो ते एवढंच, की पैसा मुखपृष्ठावर ओतायचा. आतल्या चित्रकाराला शेवटच्या आठवड्यात फोन, गोष्ट धड वाचायलाही न देता. माधुरी पुरंदरे स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात, तिथे शब्द नि चेहरा एकमेकांना खोटं पाडत नाहीत. आम्हाला निदान लेखक आणि चित्रकाराला एका चहावर बसवता येईल. या अंकासाठी तेवढं केलं.

वाचून दाखवणाऱ्या आई-बाबांनो, मॅडम-गुरुजींनो, पान उलटायची घाई करू नका. चित्रावर बोट ठेवून विचारा, ‘‘आईला आता काय वाटतंय?’’ उत्तर कोलामीत आलं तरी ऐकून घ्या.