बेटांच्या देशाचा हिशेब



व्यापारी घरांत सहलीच्या तारखा पंचांग पाहून ठरत नाहीत, त्या ग्राहकीवरून ठरतात. सीझन उरकला, लक्ष्मीपूजन झाले, पाडव्याचा मुहूर्त साधला की आठ-दहा दिवस दुकानाचे शटर खाली ओढून सहकुटुंब बाहेर पडावयाचे, ही आपली रीत. सिंगापूर, बँकॉक, दुबई, बाली पुष्कळांची झाली. आता घरोघरी फिलिपीन्सचे नाव ऐकू येते. जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना तेथे व्हिसाविना प्रवेश मिळू लागला, हे त्याचे प्रमुख कारण. या देशाच्या सहलीची आखणी अन्य सहलींपेक्षा निराळी का करावी लागते, हे आज पाहू.

प्रथम कागदपत्रे. व्हिसामुक्त मुक्काम १४ दिवसांचा असतो. ही मुदत वाढवून मिळत नाही. पासपोर्टची वैधता पुढे किमान सहा महिने, परतीचे वा पुढच्या प्रवासाचे तिकीट, निवासाचे आरक्षण आणि खर्चाची ऐपत दर्शविणारा पुरावा सोबत हवा. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, शेंगेन देश, सिंगापूर किंवा ब्रिटन यांपैकी एखादा वैध व्हिसा वा निवास परवाना असेल, तर ३० दिवसांची सवलत आहे. आगमनापूर्वीच्या ७२ तासांत ‘ई-ट्रॅव्हल’ ही शासकीय नोंदणी ऑनलाइन करावी लागते. ती पूर्णतः विनामूल्य आहे; तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळापासून दूर राहावे. असे नियम बदलत असतात, म्हणून तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी दूतावासाचे संकेतस्थळ एकदा अवश्य पाहावे.

आता देशाकडे वळू. फिलिपीन्समध्ये ७,६४१ बेटे आहेत. उत्तरेस लुझॉन, मध्यभागी व्हिसायास हा बेटांचा पुंजका आणि दक्षिणेस मिंडानाओ, अशी ढोबळ विभागणी. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यावरून देशास नाव मिळाले. तीन शतकांहून अधिक काळ स्पेनची, त्यानंतर अमेरिकेची सत्ता राहिली आणि १९४६ मध्ये स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता मिळाली. म्हणून गावोगावी जुनी चर्चे दिसतात, माणसांची नावे स्पॅनिश वळणाची असतात आणि इंग्रजीत सर्वत्र काम भागते.

बेटांचा हा आकडाच आपला घात करू शकतो. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने अलीकडे एक आराखडा पाहावयास आणला होता. माणसे अकरा, सर्वांत लहान नात चार वर्षांची, आजोबा शहात्तर वर्षांचे. नऊ रात्रींत मनिला, बोराकाय, सेबू, बोहोल, कोरोन आणि एल निदो असे सहा मुक्काम. कागद देखणा होता, परंतु त्यात एक खर्च मांडलेलाच नव्हता, तो म्हणजे स्थलांतराचा वेळ.

सेबूहून बोहोलच्या ताग्बिलारान बंदरास वेगवान बोटीने दोन तास लागतात. पण बोटीचे दोन तास म्हणजे प्रवासाचे दोन तास नव्हेत. सामान बांधणे, हॉटेल सोडणे, बंदर गाठणे, सामानाची तपासणी, प्रतीक्षा, पलीकडे उतरून पुन्हा वाहन शोधणे आणि खोली तयार होईपर्यंत बसून राहणे, यांत अर्धा दिवस सहज जातो. पालावानमध्ये तर पुएर्तो प्रिन्सेसाहून एल निदोला व्हॅननेच पाच-सहा तास लागतात, आणि एल निदोहून कोरोन हा त्यापुढचा काही तासांचा सागरी प्रवास. बोराकायला विमान थेट पोहोचत नाही. शेजारच्या बेटावरील कातिकलानला उतरून नावेने पलीकडे जावे लागते. सहा मुक्कामांच्या त्या आराखड्यात नऊ दिवसांपैकी निदान तीन-चार दिवस रांगांत आणि बाकांवरच गेले असते. म्हणून पहिला नियम असा, की या देशात बेटे मोजू नयेत, ओलांडणी मोजावी. वृद्ध व बालके सोबत असतील, तर दहा दिवसांत समुद्रावरची एक ओलांडणी पुरे.

दुसरा प्रश्न ऋतूचा, आणि तो आपल्या दिवाळीशी थेट भिडतो. जूनपासून तेथे जे नैर्ऋत्य मोसमी वारे वाहतात, ते आपल्याच पावसाचे भावंड. तेथील लोक त्यास ‘हबागात’ म्हणतात. पुढे ईशान्येकडून ‘अमिहान’ सुरू होतो. त्यात वादळांची भर पडते. दरवर्षी सरासरी सुमारे वीस वादळे त्या देशाच्या सागरी क्षेत्रात शिरतात. जुलै ते ऑक्टोबर हा त्यांच्या जोराचा काळ असला, तरी काही अतिविनाशक वादळे नंतरच आली आहेत. २०१३ साली लक्ष्मीपूजन ३ नोव्हेंबरला होते. त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, ‘योलांदा’ वादळ लेयते व सामार बेटांवर आदळले आणि सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. १६ डिसेंबर २०२१ रोजी ‘ओदेत’ वादळाने सियारगाव, सेबू, बोहोल या पर्यटकांच्या आवडत्या बेटांची दैना केली.

याचा अर्थ दिवाळीत तेथे पाऊल ठेवू नये असा नाही. परंतु वादळाचा इशारा लागताच तेथील तटरक्षक दल बोटी थांबवते, आणि मग पैसा वा ओळख उपयोगी पडत नाही. बोट उद्या सुटेल की तीन दिवसांनी, हे बंदरातील अधिकारीही सांगू शकत नाही. परतीचे विमान त्याच दिवशी असेल, तर तिकीट बुडते. आणि १४ दिवसांची मुदत काठोकाठ वापरली असेल, तर त्याहून मोठी पंचाईत. आपल्या सोयीचा खरा काळ फेब्रुवारीचा, किंवा मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर एप्रिल-मे महिन्यांचा. तेव्हा मनिलात उकाडा असतो, पण समुद्र बहुधा शांत. यातून ईस्टरपूर्वीचा ‘होली वीक’ मात्र वगळावा. त्या आठवड्यात अवघा देश गावाकडे निघतो, बोटी-विमाने भरतात आणि गुड फ्रायडेला बहुतेक दुकाने बंद असतात.

त्या कुटुंबास सुचविलेला बदललेला आराखडा असा. मनिलात दोन रात्री. तेथून विमानाने थेट बोहोलच्या पांग्लाव विमानतळावर, चार रात्री. मग बोटीने सेबू, दोन रात्री. शेवटी विमानाने मनिला, एक रात्र, आणि दुसऱ्या दिवशी परतीचे विमान. समुद्राची ओलांडणी एकच, तीही मधोमध. ती हुकली, तर सेबू सोडून बोहोलहूनच मनिलास परतता येते. बँक ज्याप्रमाणे ठेवींचा काही भाग कर्जाऊ न देता राखून ठेवते, त्याप्रमाणे सेबूच्या दोन आणि मनिलाची अखेरची एक, या रात्री राखीव निधी समजाव्यात. संकट न आल्यास तो निधी आपलाच आहे. आजी-आजोबांना विसाव्यास आणि नातवंडांना वाळूत खेळण्यास कामी येतो.

या मोजक्या ठिकाणीही पाहण्याजोगे पुष्कळ आहे. बोहोलमध्ये चुनखडीच्या बाराशेहून अधिक शंकूसारख्या टेकड्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. कोरड्या ऋतूत त्यांवरील गवत वाळून तपकिरी होते, म्हणून त्यांना ‘चॉकलेट हिल्स’ म्हणतात. अर्थात उन्हाळ्यात गेल्यास हे नाव सार्थ वाटते. सेबूलगतच्या माक्तान बेटावर २७ एप्रिल १५२१ रोजी लापुलापू या स्थानिक सरदाराच्या माणसांशी लढताना मॅगेलन मारला गेला. मनिलात इंत्रामुरोस ही तटबंदीची जुनी वसाहत, तेथील सान अगुस्तिन चर्च आणि फोर्ट सांतियागो पाहावे. १८९६ साली देहदंड दिला गेलेले राष्ट्रपुरुष होसे रिझाल तेथेच बंदिवासात होते.

परंतु आपल्या वाचकांनी मनिलात एक वस्तू चुकवू नये. राष्ट्रीय संग्रहालयात ‘लागुना ताम्रपट’ आहे. संग्रहालयास प्रवेशशुल्क नाही. त्या देशात सापडलेल्या तिथीयुक्त लेखांत हा सर्वांत प्राचीन. त्यावरील तिथी आहे शके ८२२, वैशाख वद्य चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००. आपण पंचांगात वापरतो तोच शक, तोच वैशाख! भाषा जुनी मलय, शब्द पुष्कळसे संस्कृत. आणि विषय? कोणा राजाचा पराक्रम नव्हे, तर ऋणमुक्तीचा दाखला. एका कुटुंबाकडे असलेले सोन्यातील कर्ज माफ झाले, यापुढे त्यांच्याकडे वा त्यांच्या वंशजांकडे कोणी मागणी करू नये, असे त्यात साक्षीसह कोरले आहे. आयुष्यभर ‘नो ड्यूज’ दाखल्यांवर सह्या केलेल्या माणसास याहून हृद्य दर्शन कोणते?

कर्जाचा आणखी एक दुवा आहे. तेथे भारतीय माणसास बोलीत ‘बुंबाय’ म्हणतात, मुंबईच्या जुन्या नावावरून. दारोदार फिरून लहान कर्जे देणाऱ्या भारतीय सावकारांमुळे ‘फाइव्ह-सिक्स’ हा शब्द तेथे रूढ झाला. पाच पेसो द्यावयाचे, सहा घ्यावयाचे. कोणी हसत ‘बुंबाय’ म्हणाले, तर रागावू नये. आपल्या वागणुकीने त्या शब्दास चांगला अर्थ द्यावा.

पैशांविषयी थोडक्यात. येथून अमेरिकी डॉलर न्यावेत आणि तेथे पेसो घ्यावेत. लहान बेटांवर एटीएम मोजकी, आणि परदेशी कार्डावर दर वेळी शुल्क. म्हणून मोठ्या शहरातच पुरेशी रोकड काढून ठेवावी. कार्डाचे यंत्र ‘रुपये की पेसो’ असे विचारते, तेव्हा पेसोच निवडावा. रुपयांचा दर दुकानदाराच्या बाजूची बँक लावते आणि तो महाग पडतो. टूर पॅकेजवर कापलेला टीसीएस हा खर्च नव्हे, आपल्या पॅनवर जमा झालेला आगाऊ कर आहे. विवरणपत्रात त्याचे समायोजन करून घ्यावे. विमा घेताना हवामानामुळे होणारा विलंब आणि ज्येष्ठांचे जुने आजार त्यात समाविष्ट आहेत का, हे बारीक अक्षरांतून वाचावे.

आता आपल्या घरांतील कळीचा प्रश्न, आहाराचा. भाजी मागितली म्हणजे शाकाहार मिळाला, असे तेथे होत नाही. ‘पिनाकबेत’ ही वांगी, भेंडी, भोपळा, कारले यांची भाजी दिसावयास घरची. परंतु तिची चव ‘बागूंग’ म्हणजे आंबवलेल्या कोळंबी-मासळीवर उभी असते. मुगाच्या ‘मोंगो’तही मांस वा मासळी बहुधा असते. ‘पातीस’ हे माशांचे पाणी मिठासारखे वापरतात. म्हणून पुढील शब्द कागदावर लिहून न्यावेत: ‘वलांग’ म्हणजे विना, ‘कार्ने’ मांस, ‘इस्दा’ मासा, ‘इत्लोग’ अंडे, ‘सिबुयास’ कांदा, ‘बावांग’ लसूण. गंमत अशी, की तेथे मोठ्या कांद्याचे नावच ‘सिबुयास बुंबाय’ आहे! आईस्क्रीमपासून मिठाईपर्यंत दिसणारा जांभळा ‘उबे’ हा कंद आहे, हेही कंदमूळ न घेणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे. निर्धोक काय? आंबा, केळी, शहाळे. केळीच्या पानात शिजवलेला चिकट तांदळाचा ‘सुमान’. आणि सोयाबीनच्या मऊ दह्यासारखा, गुळाच्या पाकातला ‘ताहो’. मनिलाच्या मकाती भागात भारतीय भोजनगृहे व किराणा दुकाने आहेत. बेटांवर मात्र स्वयंपाकघराची सोय असलेले घर भाड्याने घ्यावे आणि थेपले, खाखरे, मुगाची डाळ घरूनच न्यावी. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी आणखी एक नोंद घ्यावी: विषुववृत्ताजवळच्या या देशात वर्षभर साडेपाच ते साडेसहाच्या सुमारास दिवस मावळतो. नावेच्या सहली चारपर्यंत परत येतील अशाच निवडाव्यात.

मुक्या जीवांच्या नावाने चालणाऱ्या काही ‘आकर्षणां’नाही नकार द्यावा. सेबू बेटावरील ओस्लोबला देवमाशांएवढ्या व्हेल शार्कना पर्यटकांसाठी रोज लहान कोळंबी चारून किनाऱ्याशी खिळवून ठेवतात. बोहोलचा तळहाताएवढा ‘टार्सियर’ निशाचर आहे. दिवसा त्याच्यापुढे गर्दी नि फ्लॅश म्हणजे त्यास छळच. पाहावयाचेच असेल, तर कोरेयाच्या अभयारण्यात, दुरून आणि मौन पाळून पाहावे.

शेवटी माणसांविषयी. फिलिपिनो लहानगा वडीलधाऱ्यांचा हात हाती घेऊन स्वतःच्या कपाळास लावतो. त्यास ‘मानो’ म्हणतात. वाक्यागणिक आदरार्थी ‘पो’ येतो, आणि अनोळखी वडील माणसासही ‘कुया’ म्हणजे दादा, ‘आते’ म्हणजे ताई अशी हाक असते. शिक्षकास तेथे ‘गुरो’ म्हणतात, चेहऱ्यास ‘मुखा’. प्रवासाहून परतणाऱ्याने घरच्यांसाठी आणावयाच्या खाऊस ‘पासालुबोंग’ असा स्वतंत्र शब्द आहे. ज्या समाजात आजोबांचा हात कपाळी लावतात, तेथे आपल्या आजोबांना एका बंदरातून दुसऱ्या बंदरात फरफटत नेणे शोभत नाही. चार बेटे कमी पाहिली तरी चालेल. ज्येष्ठांच्या गतीने जो आराखडा चालतो, तोच कुटुंबाचा आराखडा. आणि ज्या हिशेबात एक दिवस शिल्लक उरतो, तोच सहलीचा खरा ताळेबंद.