मौनाने वाढणारे आजार

पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी १ जून २०१७ रोजी संप पुकारून आपली व्यथा साऱ्या महाराष्ट्राला ऐकविली. मात्र एक व्यथा आजही आपल्या गावांत घराचा उंबरठा ओलांडत नाही. ती म्हणजे लैंगिक संसर्गाचे आजार.

डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार होते. त्यांपैकी पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या.

परमा, गरमी व क्लॅमिडिया हे आजार वेळेवर घेतलेल्या प्रतिजैविकांनी बरे होतात. परंतु परमा व क्लॅमिडिया स्त्रियांमध्ये पुष्कळदा लक्षणांविना राहतात आणि उपचाराअभावी वंध्यत्व येऊ शकते. गर्भवतीची गरमी बाळापर्यंत पोहोचू शकते. एचआयव्ही समूळ जात नसला, तरी नियमित औषधांनी आटोक्यात राहतो.

पतीकडून संसर्ग झालेल्या एकनिष्ठ पत्नीच्याच माथी अनेकदा दोष मारला जातो. औषधही तिला एकटीलाच दिले, तर संसर्ग पुन्हा परततो. उपचार दोघांनीही घेणे अगत्याचे आहे. शासकीय रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये ते विनामूल्य मिळतात.

बंधुभगिनींनो, प्रभू येशूने कुष्ठरोग्याला स्पर्श करण्यापूर्वी त्याचा पूर्वेतिहास विचारला नाही. आपणही न्यायनिवाडा बाजूस ठेवून आजारी माणसाला आधी दवाखान्याची वाट दाखवू या.