टाक्यांखालची बधिरता

कोयता, विळी, फुटलेली काच वा कारखान्यातला प्रेस यांपैकी कशानेही बोट कापले, की जखम धुऊन, कातडीला टाके घालून व धनुर्वाताचे इंजेक्शन टोचून रुग्णाला घरी धाडण्याचा जो प्रघात आपल्याकडे पडला आहे, त्यात बोटाच्या संवेदनेची विचारपूस सहसा होत नाही. टाके निघाले, की प्रकरण दफ्तरदाखल होते.

हा रुग्णावर अन्याय आहे. प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांनी, तळव्याच्या अंगाने, जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीचा एकेक मज्जातंतू टोकापर्यंत जातो. तो तुटला तरी बोट वाकते आणि सरळही होते, कारण ते हलविणारे स्नायू तळहातात व कोपराखाली असतात. म्हणून पाहणाऱ्यास सारे ठाकठीक दिसते, आणि त्या बोटाच्या धन्याला मात्र खिशातले नाणे चाचपून ओळखता येत नाही, सदऱ्याचे बटण न पाहता लावता येत नाही, तव्याचा चटका फोड आल्यावरच कळतो. कुष्ठरुग्णांची बोटे झिजतात ती मुख्यत्वे वेदना हरपल्याने रोजच्या इजा दुर्लक्षित राहतात म्हणून, हे वेल्लोर येथे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले होते. बधिर बोटाची दुर्दशा त्यावरून ओळखावी.

इलाज आहे. सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने, तुटलेली टोके ताण न देता जोडली, तर आतील तंतू दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर या गतीने पुढे सरकतात, आणि बोटाच्या मुळाशी झालेली जखम असल्यास टोकाशी जाण येण्यास तीन-चार महिने लागतात. प्रौढांत ती पूर्ववत क्वचितच होते. तरी डोळे मिटून वाळू, लोकर, किल्ली ओळखण्याचा नेटाने केलेला सराव पुष्कळ परत मिळवून देतो, आणि लहान मुलांत फळ अधिक चांगले येते. मात्र महिनोन्‌महिने दवडले, तर टोके आखडतात, त्यांवर व्रणाची गाठ धरते, आणि मग पायातला तंतू काढून तेथे सांधावा लागतो.

म्हणून डॉक्टरांना विनंती, की बधिरतेचे इंजेक्शन देण्यापूर्वी रुग्णाला डोळे मिटावयास सांगून बोटाच्या टोकाच्या दोन्ही कडांना स्पर्श करून पाहावा, निष्कर्ष केसपेपरावर लिहावा, आणि शंका आल्यास त्याला विनाविलंब हातांच्या शल्यविशारदाकडे पाठवावे. आणि रुग्णांनो, बोट सुन्न वाटत असेल तर टाके घालण्यापूर्वीच तसे स्पष्ट सांगा.