मोबाईल आजींच्याच हातात राहू द्या



आमच्या नाशिकरोडच्या वस्तीतील समाजमंदिरात दर रविवारी दुपारी तीन ते पाच एक मोफत वर्ग भरतो. वर्गाला नाव असे नाही. पहिल्या दिवशी कुणीतरी फळ्यावर खडूने ‘मोबाईल-संगणक वर्ग’ असे लिहिले, तेच चालू आहे. शिकवणारे आम्ही पाच जण. एक बँकेत, एक छपाईच्या दुकानात, दोघी कॉलेजात आणि एक नोकरीच्या शोधात. शिकणारे मात्र सतरा वर्षांपासून अठ्ठ्याहत्तर वर्षांपर्यंतचे. दोन जुने लॅपटॉप आहेत, एक प्रिंटर आहे (तो मनात आले तर चालतो), आणि पाच-सहा चार्जर लागतील अशी वायरची पट्टी आहे. बाकी ज्याचा त्याचा मोबाईल.

असा वर्ग आपल्याकडेही सुरू करावा म्हणून दोन-तीन मंडळांचे कार्यकर्ते आमच्याकडे विचारणा करून गेले. सर्वांचा पहिला प्रश्न एकच, यंत्रे किती लागतील? यंत्रे थोडी चालतात. आम्ही त्यांना आधी वर्गाचा एक नियम सांगतो, आणि तो नियम आम्हाला कोणत्या चुकीतून मिळाला तेही सांगतो. ती चूक झाकून ठेवली तर पुढचे काही सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही.

वर्ग सुरू झाला तेव्हा शिष्यवृत्तीचे दिवस होते. डिप्लोमा करणारा वस्तीतला एक मुलगा कागद घेऊन आला. त्याच्या मोबाईलचा रिचार्ज संपला होता आणि बाहेर आणखी सात-आठ जण थांबलेले. आम्ही काय केले, महाडीबीटीवर त्याचे खाते आम्हीच उघडले, अर्ज आम्हीच भरला आणि मोबाईल क्रमांकाच्या रकान्यात आमच्यापैकी एकाचा क्रमांक टाकला. पासवर्डही आमच्याच वहीत. वीस मिनिटांत काम झाले, आम्हाला मोठे समाधान वाटले. पुढे उत्पन्नाच्या दाखल्यात त्रुटी निघाली आणि अर्ज दुरुस्तीसाठी परत आला. त्याचा संदेश आला आमच्या मोबाईलवर, रोजच्या पन्नास जाहिरातींच्या संदेशांत. तो कुणी वाचला नाही. मुलगा आपला निर्धास्त. मुदत टळून गेल्यावर कॉलेजात त्याला कळले.

त्या वर्षीची फी त्याच्या आईने बचतगटातून कर्ज काढून भरली. आम्ही माफी मागायला गेलो तेव्हा तिने चहा केला आणि म्हणाली, “तुम्ही चांगल्यासाठीच केलं ना.” तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही ठरवले, शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या मोबाईलला बोट लावायचे नाही. तोंडाने सांगायचे, फळ्यावर काढून दाखवायचे, आपल्या मोबाईलवर करून दाखवायचे, परंतु समोरच्याचा मोबाईल त्याच्याच हातात राहील. क्रमांक त्याचा, पासवर्ड त्याचा, वहीही त्याची. बोलायला सोपे आहे. प्रत्यक्षात आमचे हात शिवशिवतात. जे काम आपण पाच सेकंदांत करू त्याला आजी पंधरा मिनिटे लावतात. त्या म्हणतात, “मला न्हाई जमायचं बा, तूच कर.” आमच्यापैकी एकजण तर आता हात पाठीमागे बांधूनच उभा राहतो.

या बाबतीत सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ साली सुरू झाले आणि मार्च २०२४ अखेर संपले. त्यात वीस तासांचे शिक्षण होते. परंतु ते नावाप्रमाणे खेड्यांसाठी, घरटी एका माणसासाठी आणि १४ ते ६० या वयासाठी होते. आमच्या वर्गातल्या निम्म्या भगिनी साठी ओलांडलेल्या आणि शहरात राहणाऱ्या. त्यांना घरातला नातू शिकवील असे सगळे म्हणतात. नातू शिकवत नाही, नातू करून देतो आणि खेळायला पळतो. १९९९ साली सुगत मित्र यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीत संगणक बसवून ठेवला आणि झोपडपट्टीतली मुले कुणी न शिकवता तो चालवू लागली, ही गोष्ट आपण ऐकली असेल. मुलांचे ते खरे आहे. पण त्या भिंतीजवळ आजी जाणार नाहीत. काही बिघडले तर भरपाई कोण देणार ही भीती त्यांच्या मनात आधीपासून बसलेली असते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात काम करताना फुटलेल्या कपबशीचे पैसे ज्यांच्या पगारातून कापले गेले, त्यांची भीती खोटी म्हणायची कशी?

पहिली अडचण अगदी साधी निघाली. आजी पडद्यावर बोट ठेवतात ते दाबूनच धरतात. मोबाईलला वाटते, यांना दुसरे काही हवे आहे, आणि तो भलतीच यादी उघडतो. आजी घाबरून आणखी जोरात दाबतात. “हळू दाबा” असे सांगून काही होईना. शेवटी छपाईच्या दुकानातल्या ताईंनी युक्ती काढली. “माठ घेताना टिचकी मारून बघता ना, तशी टिचकी मारा.” त्या दिवशी सात बायकांना एकदम जमले. राबून बोटांची कातडी जाड आणि कोरडी झालेली असली तर पडद्याला स्पर्श कळत नाही, तेव्हा बोट जरा ओलसर कापडावर टेकवून घ्यायचे. अक्षरे मोठी करणे आणि आवाज वाढवणे एवढ्यातच पहिला रविवार संपतो. संपू द्यावा.

सुरुवातीला आम्ही बँकेचे आणि पैशांचे आधी शिकवत होतो, कारण गरज त्याचीच. ते चुकले. पैसे जातील या धास्तीने हात थरथरत असला की डोक्यात काही शिरत नाही. आता आम्ही फोटो आणि आवाज यांपासून सुरुवात करतो. कुणी म्हणेल, ही हौस झाली. परंतु फोटो चुकला तर पुसता येतो आणि त्याचे पैसे कुणी मागत नाही. हाताची भीती मोडायला याहून चांगला धडा आम्हाला सापडलेला नाही.

घरातला जुना फोटो घेऊन या असे आम्ही सांगतो. कुणी लग्नाचा आणते, कुणी दीक्षाभूमीवरचा, कुणी मिलच्या गेटवरचा. फोटो चौकटीतून सहज निघत असेल तर काढायचा, काचेला चिकटला असेल तर ओढायचा नाही. खिडकीजवळ सावलीच्या उजेडात तो सपाट ठेवायचा, मोबाईलचा फ्लॅश बंद करायचा, आपली सावली पडू द्यायची नाही आणि मोबाईल फोटोच्या बरोबर वर, आडवा-तिरपा न करता धरायचा. मग फोटोत कोण कोण आहे ते आजींनी बोलायचे आणि नातीने लिहून घ्यायचे. एका फोटोतल्या अकरा जणांपैकी नऊ जणांची नावे सांगणारी एकच बाई आता वस्तीत उरली आहे. तो फोटो आम्ही त्याच दिवशी केला.

आवाजाचा तासही असाच. पंखा बंद, दार लोटलेले, आणि मोबाईल टेबलावर न ठेवता घडी केलेल्या लुगड्यावर, म्हणजे टेबलाचा ठोका आत येत नाही. पहिल्या वेळी सगळ्या भगिनी गप्प. आमच्याकडे काय ऐकण्यासारखे आहे, असे त्यांना वाटते. तेव्हा आम्ही त्यांना हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून गोळा करवलेल्या जात्यावरच्या ओव्या ऐकवल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो ठेवा आहे. पारी या संकेतस्थळावर २०१७ पासून त्यांतल्या ओव्या ऐकायला मिळतात, बाबासाहेबांवरच्याही आहेत. दुसरी ओवी संपण्याआधीच कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या, “ही चाल चुकली, आमच्याकडं अशी म्हणतात.” आणि त्यांनी म्हणून दाखवली. लाल बटणावर टिचकीही त्यांनीच मारली.

प्रेसमधून निवृत्त झालेल्या एका काकांचा प्रश्न वेगळा होता. त्यांनी तरुणपणी मराठी टायपिंग केलेले. टाइपरायटरवर ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी आणि मग ‘क’ मारायचा. संगणकाच्या इनस्क्रिप्ट मांडणीत उच्चाराप्रमाणे आधी ‘क’, मग वेलांटी. चाळीस वर्षांची सवय ती, बोटे ऐकेनात. पण स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला ही मांडणी लक्षात आल्यावर काकांनी महिन्याभरात आमच्यावर ताण केली. त्यांनीच एकदा आपल्या एका जुन्या स्मरणिकेची फाईल आणली. उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी! त्या काळी प्रत्येक कंपनीच्या मराठी टाइपाची संकेतव्यवस्था निराळी असे. तोच टाइप संगणकात नसला की मजकूर वाचता येत नाही. आज युनिकोडमुळे मोबाईलवर लिहिलेले मराठी कुठेही मराठीच दिसते. ज्या मंडळांकडे जुन्या अंकांच्या आणि स्मरणिकांच्या अशा फायली पडून असतील त्यांनी निदान एक छापील प्रत फडताळात जपून ठेवावी. काकांची स्मरणिका छापील प्रतीवरूनच पुन्हा लिहून काढणे चालू आहे.

पैशांचा विषय तिसऱ्या महिन्यात येतो. २०२४ च्या जुलैत मात्र तो आधीच आला. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, महिना १५०० रुपये, ‘नारीशक्ती दूत’ हे ॲप, आणि समाजमंदिराच्या पायऱ्यांवर रांग. नियम मोडण्याचा मोह त्या दिवसांत फार झाला. पुढे काही भगिनी पासबुक घेऊन आल्या, शेजारणीचे पैसे आले, आमचे नाही. त्यांतल्या दोघींचे पैसे आलेले होते, पण कधीकाळी उघडून विसरलेल्या दुसऱ्याच खात्यात. एखादीने आधार क्रमांक तीन बँकांत दिलेला असला तरी थेट अनुदान एकाच खात्यात जाते; एनपीसीआयकडे आधारपुढे ज्या खात्याची नोंद असते त्या. आपले कोणते खाते जोडलेले आहे हे आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते. मात्र त्यासाठीचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवरच येतो, आणि तिथे बहुतेकींचा क्रमांक नवऱ्याचा, दिराचा किंवा कधीच बंद पडलेला. म्हणून आता वर्गात नाव घातले की आमचा पहिला प्रश्न असतो, “आधारला मोबाईल कुणाचा?”

यूपीआय आम्ही एका रुपयाने शिकवतो. जोडीजोडीने बसायचे आणि एकमेकींना एक-एक रुपया पाठवायचा. पाठवणारीला पिन टाकावा लागतो, घेणारीला काहीच करावे लागत नाही. हे दोन्ही बाजूंनी तीन-चार वेळा केले की ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ असे सांगणारा फोन आला तरी हात थबकतो. वर्गातल्या एका वहिनींचा जुनी शिलाई मशीन विकताना असाच थबकला. गिऱ्हाईक सैन्यात आहे असे सांगत होते, त्यांनी फोन ठेवून दिला. ज्यांचे पैसे गेलेच, त्यांनी घरात बोलणी बसतील म्हणून लपवू नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत सरकत जातात.

त्या मुलाविषयी वाचक विचारतील. तो आमच्या वर्गाला पुन्हा आला नाही. पुढच्या वर्षी त्याने आपला अर्ज आपणच भरला, एवढे त्याच्या आईकडून कळले. आई मात्र दर रविवारी येते. गेल्या महिन्यात तिने बचतगटाचा हिशेब मोबाईलवर मांडायला घेतला आहे. बेरजेचे सूत्र दोनदा चुकले, तिसऱ्यांदा आकडा वहीशी जुळला, तेव्हा तिने पडदा आमच्याकडे वळवला, पण मोबाईल हातातून सोडला नाही.

येत्या रविवारी फोटोंचा तास आहे. येताना आपला चार्जर आणि घरातला एक जुना फोटो आणावा. नातवंडांना आणले तरी चालेल, त्यांना आम्ही नावे लिहायला बसवू.